चौदाव्या वर्षीचा कर्ण आणि चाळिशीतला कर्ण

भूर्जपत्र

वयाबरोबर आवडती पात्रं बदलतात यावर इथे अधूनमधून बोलणं होतं, पण ते हवेतच राहतं. म्हणून एकच पात्र घेऊन धागा काढतो आहे: कर्ण.

मराठी वाचणाऱ्यांत एक क्रम वारंवार दिसतो. बारा ते पंधराच्या वयात कर्ण जिवापाड आवडतो, आणि तो बहुधा शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मधला (१९६७) किंवा रणजित देसाईंच्या 'राधेय'मधला असतो. विशी-पंचविशीत इरावती कर्व्यांचं 'युगान्त' (तेही १९६७ चंच) किंवा दुर्गाबाई भागवतांचं 'व्यासपर्व' (१९६२) हाती येतं आणि कर्ण मनातून उतरतो. चाळिशी ओलांडलेले वाचक विदुर, गांधारी, युधिष्ठिर यांच्याबद्दल बोलू लागतात. 'समज वाढली' असं म्हणून आपण विषय मिटवतो. पण समज वाढली म्हणजे नेमकं काय बदललं?

माझ्या मते मोजायची गोष्ट बदलते. लहान वयात आपण पात्राच्या वाट्याला काय आलं ते मोजतो. मोठेपणी त्यानं काय केलं आणि त्याचं कुणी भोगलं, ते मोजतो. हे कागदावर करून बघता येतं.

वहीचं पान मधोमध दुमडा. डावीकडे 'त्याच्या बाबतीत घडलं', उजवीकडे 'त्यानं केलं'. पुस्तक न उघडता, आठवेल ते वीस मिनिटं लिहा. कर्णाची डावी बाजू भराभर भरते: नदीत सोडलं, सूतपुत्र म्हणून हिणवलं, परशुरामाचा शाप, गाईवाल्या ब्राह्मणाचा शाप, स्वयंवरातला अपमान, कवचकुंडलं गेली, चाक रुतलं. उजवीकडे दान लिहून होतं, मैत्री लिहून होते, आणि हात थांबतो.

आता महाभारत उघडून उजवी बाजू पुरी करा. द्यूतसभेत द्रौपदीच्या बाजूनं बोलणारा कौरवांतला एकटा विकर्ण, त्याला झिडकारणारा कर्ण आहे. द्रौपदीला 'बंधकी' (कुलटा) म्हणणारा आणि तिची व पांडवांची वस्त्रं काढून घे असं दुःशासनाला सांगणारा कर्णच आहे. घोषयात्रेत, म्हणजे कौरव वनात गाईंची पाहणी करायला गेलेले असताना, गंधर्व त्याचा रथ मोडतात, तेव्हा तो दुसऱ्याच्या रथात उडी मारून निघून जातो आणि इकडे दुर्योधन पकडला जातो. तो रथ विकर्णाचा असतो. सभेत ज्याला गप्प केलं, त्याच्याच रथातून सुटका. पुढे विराटाच्या गाई पळवताना अर्जुनाकडून हार, आणि अभिमन्यूला घेरलं असताना द्रोणाच्या सांगण्यावरून त्याचं धनुष्य तोडणं.

ही बाजू रिकामी राहते ती वाचकाच्या भोळेपणामुळे नव्हे. या गोष्टी त्याच्यापर्यंत पोचलेल्याच नसतात, किंवा पोचल्या तरी फार उशिरा पोचतात.

---

चष्मा

पान दुमडण्याची पद्धत चांगली आहे, पण डावी बाजूही तपासायला हवी. तिथल्या सगळ्या नोंदी सारख्या वजनाच्या नाहीत.

स्वयंवराचंच घ्या. 'मी सूताला वरणार नाही' असं द्रौपदी म्हणते, हा प्रसंग नीलकंठी प्रतीत आहे. नीलकंठ चतुर्धर सतराव्या शतकातला, मूळचा गोदाकाठच्या कोपरगावचा, काशीत राहून महाभारतावर टीका, म्हणजे भाष्य, लिहिणारा. त्याची प्रत देशभर चालली, म्हणून हा प्रसंगही सर्वतोमुखी झाला. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत मात्र हा नकार मुख्य संहितेत नाही. या आवृत्तीचं काम १९१९ साली सुरू झालं आणि १९६६ साली पुरं झालं. १२५९ हस्तलिखितं ताडून १९ खंड निघाले. विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ पासून प्रमुख संपादक होते. जो मजकूर हस्तलिखितांच्या आधारावर टिकला नाही तो त्यांनी फेकून दिला नाही, खाली पाठभेदांत ठेवला. उलट मुख्य संहितेत, अर्जुन उठतो तेव्हा जमलेले ब्राह्मण आपसांत म्हणतात की कर्ण, शल्य यांच्यासारख्यांना जे धनुष्य वाकलं नाही ते या पोराला कसं जमेल. म्हणजे तिथे कर्णाला कुणी नाकारलेलं नाही. त्याला ते धनुष्यच जमलेलं नाही.

कवचकुंडलांचंही तसंच. वनपर्वात सूर्य स्वप्नात येऊन कर्णाला आधी सावध करतो: देऊ नकोस, आणि द्यायचीच असतील तर बदल्यात अमोघ शक्ती माग. कर्ण ती मागतो आणि मिळवतो. दान मोठंच आहे, अंगावरची कातडी सोलून दिलेलं आहे, पण ते पूर्ण जाणून आणि मोबदला ठरवून दिलेलं आहे. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत मोबदल्याचा भाग बहुधा गाळलेला असतो.

---

वाचनवेडी

चष्मा, मग 'मृत्युंजय' खोटं आहे असं म्हणायचं का? कादंबरीला कादंबरी म्हणून काही मान आहे की नाही?

---

चष्मा

वाचनवेडीताई, खोटं अजिबात नाही. ती स्वतंत्र कलाकृती आहे आणि तिची बांधणी समजली तर कर्ण त्या वयात इतका का भिडतो हेही समजतं. पुस्तकाचे नऊ भाग आहेत. चार स्वतः कर्ण सांगतो. उरलेले कुंती, दुर्योधन, कर्णाचा भाऊ शोण, बायको वृषाली आणि कृष्ण. म्हणजे बोलणारे एक तर तो स्वतः, किंवा त्याच्यावर जीव असलेली माणसं, किंवा त्याच्याकडे करुणेनं बघणारा कृष्ण. द्रौपदीला भाग नाही. अभिमन्यूच्या आईला नाही. ज्यांचं त्यानं नुकसान केलं त्यांना बोलायला जागाच नाही. हा कादंबरीचा दोष नाही, तिची ती निवड आहे. पण चौदा वर्षांच्या वाचकाला ती निवड आहे हे दिसत नाही, त्याला ते सत्य वाटतं.

याहून महत्त्वाचा आहे क्रम. कादंबरी जन्मापासून सुरू होऊन मरणापर्यंत जाते, त्यामुळे सभा येण्याआधी वाचकाच्या मनात शेकडो पानांची माया साठलेली असते. व्यासांचा क्रम वेगळा आहे. आदिपर्वात त्याचा जन्म थोडक्यात उरकतो. मग रंगभूमीवर, म्हणजे राजपुत्रांच्या शस्त्रविद्येच्या प्रदर्शनात, तो अर्जुनाला आव्हान देत येतो. मग सभा. कुंतीनं त्याला पेटीत घालून सोडल्याची सविस्तर, काळीज हलवणारी कथा येते ती त्यानंतर, वनपर्वाच्या अखेरीस. शापांचं तो स्वतः कर्णपर्वात शल्याला सांगतो, आणि नारद युधिष्ठिराला सविस्तर सांगतात ते शांतिपर्वात, कर्ण मेल्यावर. व्यास आधी कृत्य दाखवतात आणि कारण मागाहून देतात. तोच माणूस, त्याच घटना. क्रम फिरवला की प्रेम कुठे जडतं ते फिरतं.

---

खडूफळा

हा मुद्दा वर्गात फार कामाला येतो. सातवी-आठवीच्या मुलांसमोर कर्णाची 'पोल उघडी' करू नका, अशी कळकळीची विनंती. त्या वयाला कर्ण लागतो. गुण असून दार बंद, ही भावना त्यांची रोजची असते: संघात निवड नाही, मोठ्यांच्या बोलण्यात जागा नाही. ते प्रेम वरून खोडून काढलं की मूल पुस्तकापासूनच तुटतं किंवा हट्टानं आणखी चिकटून बसतं.

त्याऐवजी हे करता येतं. सभेचा प्रसंग चार जणांना चार बाजूंनी सांगायला द्या: द्रौपदी, विकर्ण, कर्ण, आणि दारात उभा असलेला प्रातिकामी. प्रातिकामी म्हणजे द्रौपदीला आणायला प्रथम ज्याला पाठवलं तो सेवक. तो तिचा प्रश्न घेऊन परत येतो आणि पुन्हा जायला कचरतो. प्रत्येकाला दहा ओळी, त्याहून जास्त नको. नियम एकच: आपलं पात्र चांगलं की वाईट हे सांगायचं नाही, त्यानं काय पाहिलं आणि काय केलं तेवढंच. प्रातिकामी झालेलं मूल सर्वांत जास्त विचारात पडतं. निकाल मागू नका. 'मग आता कर्ण आवडतो का?' हा प्रश्न विचारला की मुलं शिक्षकाला हवं ते उत्तर देतात आणि सगळी मेहनत फुकट जाते.

दुसरं उदाहरण महाभारताबाहेरचं, कारण हे फक्त कर्णापुरतं नाही. 'श्यामची आई' (१९३५) मध्ये बेचाळीस रात्री आहेत. लहानपणी वाचलेल्यांना काय आठवतं ते विचारा. श्यामचं पोहणं, मोरी गाय, श्रीखंडाच्या वड्या, अळणी भाजी: सगळं पहिल्या अठरा रात्रींतलं. बत्तिसाव्या रात्रीपासून सदतिसावीपर्यंत, 'कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक' ते 'अब्रूचे धिंडवडे', हा सलग कर्जाचा भाग आहे. मुलं तो भरभर उलटतात. घराचा हप्ता भरणारा माणूस नेमका तिथे अडकतो. आणि मग त्याला श्यामचे वडील पहिल्यांदा दिसतात. मग मागे जाऊन अळणी भाजी वाचली की तीही वेगळी दिसते: भाजीत मीठ नाही हे पहिल्या घासाला कळूनही न बोलता जेवणारा तो माणूस. लहानपणी ती गोष्ट आईची असते.

---

कोकणकडा

खडूफळा, अगदी नेमकं. चिं. वि. जोशींच्या चिमणरावांचंही तेच. लहानपणी चिमणराव-गुंड्याभाऊंची फजिती, मोठेपणी चिमणरावांची बायको काऊ.

---

नदीकाठ

मला या सगळ्याच्या दिशेवर हरकत आहे. डावी बाजू, उजवी बाजू, नोंदी, वजन: हा खटला झाला. कुठल्या पात्रावर जीव जडणं म्हणजे त्याला चारित्र्याचा दाखला देणं नव्हे. चाळिशीतला वाचक विदुराकडे वळतो तो विदुराचा हिशेब चोख आहे म्हणून वळत असेल, तर ती वाढ नाही, तो सावधपणा आहे. विदुर बरोबर बोलतो हे खरं. सभेतही तो बोलतो. पण सभा थांबत नाही.

आणि कर्ण विशीत उतरला तो कायमचा उतरला, असं वरच्या मांडणीत गृहीत धरलेलं दिसतं. ज्यांनी उद्योगपर्व सावकाश वाचलंय ते तसं म्हणणार नाहीत.

---

सांजवेळ

नदीकाठ यांनी उद्योगपर्वाचं नाव काढलं ते फार बरं केलं. धाग्यात तेच राहून गेलं होतं.

शिष्टाई फसल्यावर कृष्ण कर्णाला रथात घेतो आणि गावाबाहेर नेऊन जन्माचं रहस्य सांगतो. तू थोरला पांडव, चल, राज्य तुझं. कर्णाचं उत्तर तरुणपणी वाचलं की त्यात दुर्योधनावरची निष्ठा तेवढी लक्षात राहते. पण तो सुरुवात तिथून करत नाही. सुरुवात करतो राधेपासून. मला घरी आणलं तेव्हा मायेनं तिला पान्हा फुटला, तिनं माझं मलमूत्र काढलं, मग तिचा पिंड मी कसा तोडू? अधिरथ मला मुलगा मानतो, त्यानं माझे संस्कार केले, लग्नं लावून दिली. मला मुलं आहेत, नातवंडं आहेत. पृथ्वी मिळाली किंवा सोन्याचे ढीग मिळाले तरी हे नातं खोटं करता येणार नाही, असं तो म्हणतो. दुर्योधनाचा विषय त्यानंतर येतो.

हा चौदाव्या वर्षीचा कर्ण नाही. ज्याला आपलं राजकुल सापडतं तो मुलगा हवा असतो त्या वयाला. इथे कुल सापडल्यावर ते नाकारून सारथ्याच्या घरचा राहणारा बाप्या माणूस आहे. ज्यानं लहान मुलाचे लंगोट धुतलेत किंवा म्हाताऱ्या आईबापांचं अंथरूण बदललंय, त्यालाच त्या एका शब्दाचं, 'मलमूत्र', वजन कळतं.

त्याच संभाषणात तो दोन गोष्टी आणखी बोलतो. एक, हे युधिष्ठिराला सांगू नकोस. त्याला कळलं तर तो राज्य घेणार नाही, आणि मला मिळालं तर मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. दोन, दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना जे कटू बोललो, त्याचा मला आज ताप होतो. म्हणजे भूर्जपत्र यांच्या उजव्या बाजूची नोंद तो स्वतःच करतो.

तेव्हा माझं म्हणणं: पात्रं वहीत लिहू नका, प्रसंग लिहा. 'कर्ण आवडतो' असं लिहिलं तर पुढच्या वाचनात तुलना करायला हातात काही राहत नाही. 'रंगभूमीवरचा कर्ण आवडतो' आणि पंचवीस वर्षांनी 'राधेबद्दल बोलणारा कर्ण आवडतो' असं लिहिलेलं असेल तर काय सरकलं ते लख्ख दिसतं.

---

भूर्जपत्र

सांजवेळ, हे पटलं. माझी मांडणी दुरुस्त करतो: उजव्या बाजूला 'त्यानं नाकारलं' ही तिसरी रांग हवी. राज्य नाकारणं ना घडलेल्यात बसत होतं, ना केलेल्यात, म्हणून ते निसटलं.

नदीकाठ, खटल्याचा धोका खरा आहे. पण आठवणीवर विसंबून केलेलं प्रेमही अर्धंच असतं. कृष्ण कर्णपर्वात, चाक रुतल्यावर धर्माची आठवण काढणाऱ्या कर्णाला एकेक प्रसंग मोजून विचारतो, तेव्हा तुझा धर्म कुठे गेला होता? मोरोपंतांमुळे तो प्रश्न मराठीत म्हणीसारखा रुळला: 'तेव्हा गेला होता कोठे राधासुता तुझा धर्म'. आपण ती ओळ येता-जाता वापरतो, पण त्या आधीची यादी किती जणांना सांगता येते?

---

तळटीप

ज्यांना स्वतः करून बघायचं आहे त्यांच्यासाठी वाचनाची यादी देतो. अध्यायांचे आकडे चिकित्सक आवृत्तीचे आहेत.

आदिपर्व १२६-१२७, रंगभूमी. सभापर्व ६० ते ६३, द्रौपदी सभेत. वनपर्व २८४ ते २९४, जन्मकथा आणि कुंडलं. उद्योगपर्व १३८ ते १४४, आधी कृष्ण आणि मग कुंती. द्रोणपर्व ४७-४८, अभिमन्यू. कर्णपर्व ६६-६७, शेवट. स्त्रीपर्व २१ आणि २७. शांतिपर्व १ ते ६. एकूण ३६ अध्याय. रोज दोन घेतले तर अठरा दिवस.

जुनी मराठी भाषांतरं नीलकंठी प्रतीवरून केलेली असतात, तिथे हेच आकडे पुढे सरकतात आणि प्रत्येक पर्वात वेगळ्या मापानं सरकतात. उद्योगपर्वात दोनच अंकांचा फरक आहे, कुंडलांचा भाग २८४ ऐवजी ३०० पासून सुरू होतो, कर्णाचा शेवट ६७ ऐवजी ९१ व्या अध्यायात सापडतो. म्हणून आकडा न जुळल्यास घाबरू नका, उपपर्वाचं नाव बघा. कुंडलाहरणपर्व शोधलं की भाग सापडतो.

चुका कुठे होतात तेही लिहितो. पहिली, संक्षिप्त आवृत्ती घेणं. संक्षेप करणारा घटना ठेवतो आणि संवाद कापतो, आणि या विषयात सगळं संवादात आहे. राधेचं वाक्य संक्षेपात बहुधा उरत नाही. दुसरी, दूरदर्शनच्या मालिकेचा (१९८८ ते १९९०) चेहरा डोळ्यांसमोर ठेवून वाचणं. तो चेहरा इतका देखणा आणि व्यथित आहे की सभेतलं बोलणंही त्या आवाजात ऐकू येतं आणि सौम्य होतं. उपाय साधा आहे, ते चार अध्याय मोठ्यानं वाचा, दुसऱ्या कुणाला तरी कर्णाची वाक्यं द्या. तिसरी, वाचता वाचता शेरे लिहिणं. त्या दिवशी फक्त प्रसंग आणि एक ओळ लिहा, मत आठवड्यानं. ताजं मत बहुतेक वेळा आधीच्या पुस्तकाचं असतं.

आणि तारीख घालायला विसरू नका. तारीख नसलेली वही दहा वर्षांनी कामाची नाही.

---

वाचनवेडी

स्त्रीपर्व २१ मध्ये काय आहे? तिथे कर्ण मेलेला असतो ना?

---

तळटीप

हो. गांधारी रणभूमीवर कृष्णाला एकेक बाई दाखवते. त्यात कर्णाची पत्नी आहे, मुलाच्या आणि नवऱ्याच्या प्रेतापाशी कोसळणारी. तिथे तिला नाव नाही; 'वृषसेनाची आई' म्हणून ती येते. 'मृत्युंजय'मधल्या वृषालीवर माया केलेल्यांनी हा अध्याय जरूर वाचावा. सावंतांनी रिकाम्या जागेत किती भरलं ते कळतं, आणि दोन्ही पुस्तकांबद्दलचा आदर वाढतो. २७ व्या अध्यायात कुंती सर्वांसमोर सांगते की ज्याला सूतपुत्र समजत होतात तो तुमचा थोरला भाऊ, त्यालाही पाणी द्या.

---

नदीकाठ

यादी उत्तम आहे, एक भर घालतो. शांतिपर्वाचा पहिला अध्याय घाईनं वाचू नका. युधिष्ठिर नारदांना सांगतो की सभेत कर्ण ते कठोर शब्द बोलत होता तेव्हा मला संताप आला होता, पण नजर त्याच्या पायांकडे गेली आणि राग विरला. ते पाय कुंतीच्या पायांसारखे होते. का सारखे, हे त्यानं पुष्कळ शोधलं, पण त्याला उलगडलं नाही.

युधिष्ठिर लहानपणी कुणाला फारसा आवडत नाही, आणि का आवडत नाही ते समजण्यासारखं आहे. तो सभेत मान खाली घालून बसलेला असतो. मान खाली घातल्यावर त्याला काय दिसत होतं, हे व्यास बारा वर्षांचा वनवास, एक वर्षाचा अज्ञातवास आणि अठरा दिवसांचं युद्ध उलटून गेल्यावर सांगतात.

---

तळटीप

मग यादी बदलतो. शांतिपर्व संपल्यावर सभापर्वाचे ६० ते ६३ पुन्हा वाचायचे. एकूण ४० अध्याय, वीस दिवस. दुसऱ्या वाचनाची नोंद पहिल्याच्या शेजारी करा, खाली नको.